भिंतीमागची तीन मिनिटं

रविवारी आमच्यासमोरच्या मैदानावर श्वानशिस्तीच्या स्पर्धेची तालीम चालते. सगळे हौशी स्वयंसेवक. कुत्री रांगेत बसवायची आणि मालकांनी भिंतीमागे लपायचं. तीन मिनिटं कुत्र्यानं हलायचं नाही, मालकानं आवाज करायचा नाही. माझ्या गॅलरीतून दोन्ही बाजू दिसतात.

आज लपलेल्या साठेबाईंना खोकल्याची उबळ आली. त्या मटकन खाली बसल्या. शेजारी लपलेले चौघे मालक जागचे हलले नाहीत.

मी ओरडले, "अहो, पाणी द्या त्यांना!"

"श्श! एकच मिनिट राहिलंय, काकू," एकानं मलाच दटावलं.

रांगेतून उठला तो फक्त बाईंचा ब्रूनो. धावत जाऊन त्यांना चिकटून बसला.

"ब्रूनो बाद!" प्रमुखानं जाहीर केलं. बाकीच्यांना शाबासकी मिळाली.

इतक्या शिस्तीच्या माणसांशेजारी मला कधी खोकला न येवो.