ठाकुर्लीचा राहुकाळ

दोष सोमणकाकांचा. आधीच सांगून टाकतो, कारण टॉवरची कामं केलेले आम्ही चौघं चहाला बसलो की किश्शातून किस्सा निघतो, आणि दोषी कोण ते सांगायचं राहूनच जातं.

काका आमचे सुपरवायझर. जन्मभर लँडलाइनच्या वायरी ओढून रिटायर झाले आणि मोबाइल कंपन्या आल्यावर परत कामाला लागले. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला. मास्तरांना प्रश्न विचारला की वर्गाबाहेर काढायचे, मग एकदा मीच आत गेलो नाही.

इथेही तेच. टॉवरचं मशीन लावून झालं की काका लॅपटॉप जोडायचे आणि एका बोटाने सेटिंग टाइप करायचे. मी विचारायचो, "काका, आवाज नक्की जातो कुठून?"

"तुला काय करायचंय? केबल ओढ."

मला तो लॅपटॉप हवा होता, बाकी काही नाही. शेवटी काका म्हणाले, "ठाकुर्लीची साइट चालू झाली की कंपनीच्या साहेबांना सांगून तुला ट्रेनिंगला पाठवतो." त्या एका वाक्यावर मी वर्षभर केबल ओढली.

*

नौपाड्यात सोसायटीचे चेअरमन गच्चीच्या दाराला कुलूप लावून उभे. "तुमचे अँटेना मागाहून. आधी आमच्या टीव्हीचा फिरवा."

काका लगेच, "फिरव रे."

मी पाइपवर चढलो. खालून चेअरमनच्या बायकोचा आवाज, "मुंग्या!" जरा डावीकडे. "अजून मुंग्याच!" चित्र स्वच्छ दिसायला लागलं, तशी समोरच्या काकू वर आल्या. मग वरच्या मजल्यावरच्या.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं चित्र झकास. आमचे अँटेना खोक्यात.

*

आंबिवलीला साइट शेतात. मशीन गरम होऊ नये म्हणून केबिनला एसी. एक दिवस कंट्रोल रूममधून फोनवर फोन, केबिनचं दार सारखं उघडतंय म्हणून. आम्ही धावत गेलो. जागामालकाच्या घरी लग्न, आणि मशीनला टेकवून श्रीखंडाचे टोप.

काका भडकले. मालक शांत. "तुमचा मशीन नुसता बसून हवा खातंय. त्याच्या बाजूला टोप ठेवला तं काय बिघरलं?"

मला हे पटलं. काकांनाही पटलं असावं, कारण ते पंगतीला बसले.

*

डोंबिवलीची साइट सगळ्यात उंच बिल्डिंगवर. तिथून ठाकुर्ली स्टेशन दिसायचं, रेंजही तिथवर पोचायची. चालू करताना काकांनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं आणि उदबत्ती लावली. पाच मिनिटांत हँडसेट वाजला. कंट्रोल रूम विचारतेय, "सोमण, साइटला आग लागलीय का?"

"उदबत्ती आहे."

"मग विझवा ना."

"देवासमोरची उदबत्ती विझवत नाहीत. तुमचा अलार्म बंद करा."

त्यांनी केला. म्हाताऱ्या माणसाशी कोण वाद घालणार? एवढ्यावरच यांची पिढी जगली.

*

मग ठाकुर्ली. शुक्रवार. सगळं जोडून तयार, नुसता मेन स्विच वर करायचा बाकी. काकांनी माझा हात धरला. "राहुकाळ आहे. बारानंतर."

"साहेब अकराला येणार आहेत ना?"

"मोठे लोक वेळेवर येत नाहीत."

साहेब वेळेवर आले. मागे फोटोग्राफर, पेढ्यांचा बॉक्स. काकांचा चेहरा पांढरा पडला, पण स्विच बंद आहे हे त्यांनी सांगितलं नाही. माझ्या कानात म्हणाले, "गप्प उभा राहा."

साहेबांनी हँडसेट काढला आणि घरी फोन लावला. "हॅलो, ठाकुर्लीहून बोलतोय. ऐकू येतंय? अगदी क्लिअर? वा!"

टाळ्या. फोटो. काकांनी डोळे मिटून हात जोडले आणि पेढा खाल्ला.

मी मशीनला हात लावून बघितला. गार. आतला पंखाही फिरत नव्हता. माझ्या डोक्यात ट्रेनिंग नव्हतं, काका नव्हते, काहीच नव्हतं. मला फक्त समजून घ्यायचं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "हे तर बंद आहे. मग तुम्ही बोललात कशावरून?"

साहेबांनी स्विचकडे बघितलं. मग काकांकडे.

काका पेढा गिळून म्हणाले, "पोरगा नवीन आहे."

सोमवारी माझ्या जागी काकांचा भाचा आला. त्या लॅपटॉपला माझा हात कधीच लागला नाही.