तात्यांचे मोटरचे पाय

तात्या पोंक्षे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भिवंडीत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा यंत्रांत. घरातली एकही वस्तू त्यांनी आहे तशी राहू दिली नाही. शिवणयंत्राला मोटर, पाळण्याला मोटर, एकदा तर देवघरातल्या घंटेलाही मोटर बसवली. ती घंटा एकदा सुरू झाली की प्रसाद वाटून झाला तरी थांबायची नाही. शेजारचे लोक कुठे आग लागली म्हणून विचारायला येत. मी गणिताची शिक्षिका, त्याच आळीत राहणारी. उत्तर ताळ्याला जुळल्याशिवाय गणित सुटलं असं मी म्हणत नाही. त्यामुळे तात्यांचं आणि माझं कधी पटलं नाही, आणि त्याची खंत दोघांनाही नव्हती.

अठ्ठ्याऐंशी साली माझ्या बहिणीला, माईला, मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. पुढे व्यायामानं मांड्या जरा सावरल्या. गुडघ्यांचा मात्र भरवसा उरला नाही. उभी राहिली की गुडघे मुडपायचे आणि माई खाली. मग ती खुर्चीत बसली आणि तिथूनच घर चालवू लागली. घर पूर्वीपेक्षा नीट चालायला लागलं, कारण आता तिच्या नजरेतून काहीच सुटेना.

पण एक गोष्ट तिला खुर्चीतून करता येत नव्हती. आजारी पडायच्या आधी तिनं वज्रेश्वरीला नवस बोलला होता. तिची मुलगी माधवी, लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. "माधवीची कूस उजव, मी माझ्या पायांनी पायऱ्या चढून तुझी ओटी भरीन," असा तो नवस. देवीनं ऐकलं. माधवीला मुलगी झाली, ती मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, आणि आजीचा नवस तसाच. मी म्हटलं, "खुर्चीत बसवून चौघं वर नेतील तुला. त्यात काय एवढं?"

"मी पाय म्हटलं होतं, सुचेता. खुर्ची नाही. देवी काय बहिरी आहे?"

ओटीचा हिरवा खण तिनं देवघरात काढून ठेवला होता. रोज पूजेच्या वेळी तो बाजूला सरकवायची आणि पूजा झाली की पुन्हा जागेवर ठेवायची. मला ते बघवत नसे.

तात्यांनाही बघवत नसावं. पण ते बोलणाऱ्यातले नव्हते, करणाऱ्यातले होते, आणि तीच खरी अडचण होती. कुठल्याशा मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं. परदेशात एका माणसाच्या अंगावर लोखंडी सांगाडा चढवलेला, सांगाड्याला मोटरी, आणि तो माणूस भलंमोठं ओझं उचलतोय. तात्या ते पान घेऊन थेट नसीम मिस्त्रीकडे गेले. नसीम म्हणजे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त करणारा, तात्यांचा एकुलता एक भक्त. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "तात्या, ये आदमी का पाजामा है या टेम्पो का चेसिस?"

तरी दोघं कामाला लागले. जुन्या लूमच्या लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, आणि आग्रा रोडवरच्या भंगारातून आणलेल्या ट्रकच्या वायपरच्या मोटरी. एकेका गुडघ्याला एकेक मोटर. बटण दाबलं की गुडघा वाकायचा, दुसरं दाबलं की सरळ व्हायचा. वायपरच्या मोटरीची एक खोड असते: वीज असली तर फिरते, नसली तर आहे तिथेच जाम. हातानं रेटून ती हलत नाही. तात्यांना हे माहीत होतं. म्हणाले, "सुरक्षित आहे. वीज गेली तर माणूस पडणार नाही." बसणारही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

माईच्या अंगावर चढवण्याआधी कुणावर तरी करून बघायचं ठरलं. नसीम कामाला होता त्या कारखान्यात सुताच्या गोण्या वाहणारा बुधा नावाचा हमाल होता. राहणारा वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरचा. उंचीनं माईएवढाच, म्हणून मान त्याला मिळाला. सांगाडा चढवला, वायर एका जुन्या चार्जरमधून कारखान्याच्या लाइनला जोडली, पाठीवर सुताची गोणी दिली. बटणं तात्यांच्या हातात. बुधा चालायला लागला. खरंच चालला! लोक लूम सोडून बघायला आले. कारखान्याच्या शेठचे डोळे चमकले. म्हणाला, "और एक गोनी डालो!"

दुसरी गोणी टाकली. पायांनी ती उचलली, पण बुधा कमरेत वाकला. "पायाला मोटर हाय, कमरेला कुठं हाय?" तो ओरडला. तेवढ्यात तात्यांच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं आणि त्याचा उजवा पाय नको तेव्हा पुढे गेला. "पाय माझंच हायत, पन माझं आयकत न्हायत!"

आणि वीज गेली. अख्खा मोहल्ला गप्प झाला, आणि बुधा एक पाय पुढे टाकून मध्येच खिळून राहिला. गोण्या लोकांनी उतरवल्या, पण सांगाड्याचे नटबोल्ट आवळताना तात्यांनी इतकं बळ लावलं होतं की ते सुटता सुटेनात. वीज परत येईपर्यंत बुधाला उभ्या उभ्या चहा पाजला, बिडी पेटवून दिली. कोणीतरी हारही आणून घातला. शेठचा उत्साह तिथेच संपला.

मला वाटलं, सुटलो. पण तात्या घरी आले ते खुशीत. म्हणाले, "दोन गोष्टी कळल्या. वायर भिंतीला नको, बॅटरी हवी. आणि बटणं ज्याचे पाय त्याच्याच हातात हवीत."

"शिकलात म्हणायचं!" माई म्हणाली. "सप्तपदी तरी मी माझ्या मनानं चालले होते."

मग जीपची बॅटरी आली. ती घरी चार्जरला लावली तर तिच्यातल्या ॲसिडनं माईच्या नव्या चादरीला भोकं पाडली, म्हणून चार्जिंगची रवानगी नसीमच्या कारखान्यात झाली. माईनं घरात सराव केला. भिंतीला धरून, बटणं दाबत, ती स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत यायची. बॅटरी एवढी जड की ती माईच्या अंगावर देणं शक्यच नव्हतं. ती खोक्यात घालून तात्या स्वतःच्या पाठीवर बांधत आणि वायरीच्या मापानं तिच्या मागे मागे चालत. वायर होती आखूड. बायको थांबली की नवरा थांबायचा, बायको वळली की नवरा वळायचा. आमच्या आळीला त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

जायचा दिवस ठरला शुक्रवार. देवीचा वार, आणि कारखान्यांना सुट्टी म्हणून नसीमही मोकळा. गुरुवारी संध्याकाळी तात्यांनी कारखान्यात बॅटरी चार्जिंगला लावली, लाल दिवा लागलेला पाहिला आणि निर्धास्त घरी आले. आता भिवंडीत तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं की शुक्रवार लागला की मध्यरात्रीपासूनच लूमच्या लाइनची वीज बंद असते. त्या दिवशी सगळं गाव उशिरा उठतं, कारण खटखट नसली की जागच येत नाही. आम्हीही उशिराच उठलो. पण लूम बंद म्हणजे चार्जरही बंद, हा हिशेब आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आला नाही. गणिताच्या बाईंच्याही नाही.

नसीमच्या भावाच्या टेम्पोतून आम्ही वज्रेश्वरीला गेलो. मी एक घडीची खुर्ची गुपचूप बरोबर घेतली होती आणि बुधालाही पाड्यावरून बोलावून ठेवलं होतं. पायथ्याशी सांगाडा चढवला. माईनं ओटीचं ताट माझ्या हातात दिलं, कठडा धरला आणि बटण दाबलं. गुडघा वाकला, पाय पायरीवर गेला, गुडघा सरळ झाला, माई एक पायरी वर. मग दुसरी. पाठोपाठ तात्या, पाठीवर खोकं, कपाळावर घाम आणि तोंडावर असा भाव की पायऱ्या त्यांनीच बांधल्यात. दर्शनाला आलेल्या बाया बाजूला होऊन हात जोडत होत्या. देवीला की माईला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मी मनाविरुद्ध आले होते, तरी मलाही हसू यायला लागलं.

अर्ध्या वाटेत मोटरींचा आवाज बदलला. कण्हल्यासारखा झाला. माईनं डावा पाय कसाबसा उजव्याशेजारी आणला, गुडघा सरळ झाला, आणि मोटरी थांबल्या त्या थांबल्याच. तात्यांनी वायरी हलवल्या. नसीमनं बटणं हलवली. मग नसीमनं आभाळाकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तात्या... आज जुम्मा है."

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांना आयुष्यात इतकं बोलले असेन, पण त्या क्षणी तेही बाजूला ठेवलं. मी नुसती हाक मारली, "बुधा, खुर्ची आण!"

"खबरदार," माई म्हणाली. "कोणी हात लावायचा नाही."

"अगं पण वर कशी जाणार? खाली तरी कशी जाणार?"

दोन्ही हातांनी तिनं कठडा पकडला होता आणि ती वरच्या पायरीकडे रागानं बघत होती, जसं स्वयंपाकघरात दूध उतू घालवणाऱ्या सुनेकडे बघावं तसं. मग तिनं सगळा भार हातांवर घेतला, कंबर उचलली आणि ताठलेला उजवा पाय बाहेरून फिरवून वरच्या पायरीवर टाकला. गुडघा मुडपला नाही. मुडपणार कसा, तो जाम होता! त्या पायावर उभी राहून तिनं डावा ओढून घेतला. एक पायरी झाली.

बुधा हळूच म्हणाला, "आत्ता पाय आयकतात, मावशी."

दुसरी पायरी. तिसरी. माईच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, पोलकं घामानं भिजलं होतं. मध्ये मध्ये ती कठड्यावर डोकं टेकून दम खायची. आधार द्यायला मी हात पुढे केला की नुसती माझ्याकडे बघायची, की मी हात मागे घ्यायची. चार वर्षं ज्या गुडघ्यांनी दगा दिला, ते आता लोखंडाच्या पट्ट्यांत ताठ उभे होते. पण उचलत त्यांना तीच होती, स्वतःच्या कमरेनं, स्वतःच्या हातांनी. मोटरींवर चढली असती तर मी जन्मभर वाद घातला असता की ते पाय कुणाचे. आता वादाला जागाच राहिली नव्हती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ताटातलं कुंकू सगळं सांडलं होतं.

शेवटची पायरी चढून माई मंडपात उभी राहिली. मी खण तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, आणि गाभाऱ्याकडे वळता वळता तिची नजर मागे गेली.

तिच्या मागे एका पायरीवर तात्या उभे होते. कमरेत वाकलेले, धापा टाकणारे. पाठीवर खोकं तसंच बांधलेलं, आत ती मेलेली बॅटरी, आणि तिच्यापासून माईच्या गुडघ्यापर्यंत वायर. अर्ध्या वाटेपासून ती वायर कोणत्याच कामाची नव्हती. ती काढायची, खोकं उतरवायचं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. माईबरोबर प्रत्येक पायरी चढून ते ओझं त्यांनी वर आणलं होतं.

"अहो," माई म्हणाली, "वायर काढायची की नाही?"

तात्यांनी आधी कठडा धरला. मग म्हणाले, "काढायला तुला थांबवावं लागलं असतं. तू चालत होतीस."

मी तोवर बुधानं वर आणलेली घडीची खुर्ची उघडून माईच्या मागे आणली होती.

"मला नको," ती म्हणाली. "त्यांना बसव."