पडद्यावरचा बर्फ

सुदर्शनला काहीही येत नाही, हे इंद्रायणीला नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. बोरी बुद्रुकचा हा गडी सहा महिने पुण्यात राहून आला, नारायणगावात दोन खोल्या घेऊन त्यानं सॉफ्टवेअर कंपनीची पाटी लावली आणि स्वतःला ‘सर’ म्हणवून घ्यायला लागला. टाय लावायचा, तोही इलॅस्टिकचा. इंद्रायणी डिंगोऱ्याच्या बागायतदाराची लेक, बी.सी.एस.ला कॉलेजात पहिली आलेली. पण घरचे तिला पुण्याला पाठवीनात, म्हणून ह्याच्या हाताखाली दिवस काढणं आलं.

२००९ च्या द्राक्षहंगामाआधी दादाभाऊ शेठचं काम मिळालं. परदेशी जाणारी द्राक्षं गार करायला शेठनं चार खोल्यांचं शीतगृह बांधलं होतं. खोल्यांचं तापमान कॉम्प्युटरवर दिसायला हवं होतं. आकडे दाखवणारा भाग इंद्रायणीनं आठ दिवसांत उरकला. मग सुदर्शननं त्यावर आपली कला चढवली. प्रत्येक खोलीच्या चित्रावर भुरभुर बर्फ पडायला लागला आणि आकडा गेला कोपऱ्यात, मुंगीएवढा होऊन.

“सर, हा बर्फ कशावर सुरू होतो?”

“स्क्रीन उघडली की सुरू.”

“आणि खोली तापली तर?”

“तू लई खोलात जाती,” सुदर्शन म्हणाला. “गिऱ्हाईक आकडे बघत न्हाई. हालचाल बघतं.”

इंद्रायणीनं प्रोग्राम तसाच सेव्ह केला. पडू दे एकदा तोंडावर, मग कळेल ह्याला, असं तिला वाटलं. आणि वाटून बरंही वाटलं. पण दादाभाऊ शेठ तर बर्फ बघून खुर्चीतच उडाले. “आयला, काश्मीरच की राव!” त्यांनी भिंतीवरचा तापमान दाखवणारा जुना काटा त्याच दिवशी काढायला लावला. इंद्रायणीच्या लेखी मूर्खांच्या यादीत आणखी एका नावाची भर पडली. कॉम्प्युटरसमोर बसवलेला भिमाजी त्या यादीत आधीच होता. आंबेगावच्या डोंगरातून, आहुप्याकडून आलेला हा माणूस माऊस दोन्ही हातांनी धरायचा.

मार्चमध्ये एका दुपारी ती प्रिंटर जोडायला शीतगृहात गेली. भिमाजी पडद्याकडे डोळे लावून बसला होता. तीन नंबरच्या खोलीवर बर्फ पडत होता. कोपऱ्यातला आकडा होता अकरा अंश.

“भिमाजी, अकरा झालंय! एकच्या वर जायला नको ना?”

“कसलं अकरा, ताई? बरफ तर चालूच हाये.”

वीज जाऊन आली होती आणि त्यानंतर तिथला कॉम्प्रेसर सुरूच झाला नव्हता. दार उघडलं तर पेट्यांना घाम फुटलेला, देठ तपकिरी पडलेले. खोलीभर माल निर्यातीतून बाद झाला.

संध्याकाळी शेठच्या ऑफिसात सुदर्शन टाय सरळ करत म्हणाला, “सॉफ्टवेअर एकदम ओके हाये, शेठ. माणूस आडाणी ठेवला तुमी.”

भिमाजी मान खाली घालून उभा होता. इंद्रायणीला राहवलं नाही. “त्या बर्फाचा आणि खोलीचा काडीचा संबंध नाही, शेठ. आग लागली तरी तो पडतच राहील. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“मंग बोलली का न्हाईस?” शेठनी विचारलं.

भिमाजीला त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं. चूक झाकायला तो सगळ्यांनाच सोयीचा होता.

इंद्रायणीनं दुरुस्तीला चार दिवस मागून घेतले. तिला हवं होतं ते सरळ होतं. पडद्यावरच्या तापमानाच्या चौकटीनं स्वतःच ‘मर्यादा ओलांडली’ अशी हाक द्यायची आणि त्या हाकेवर लाल उघडझाप सुरू व्हायची. तिनं तसा इव्हेंट, म्हणजे ती हाक, कोडमध्ये लिहिला. कोडला हाक ऐकू येई, पण ॲनिमेशन पडद्याच्या मांडणीत लिहिलेलं होतं आणि ती मांडणी ढिम्म. दोन दिवस असेच गेले. मग तिला उमगलं, साधा इव्हेंट कोडमध्ये ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांच्यापुरताच असतो. मांडणीतून ॲनिमेशन सुरू करायचं, तर चौकटीतून निघून वरच्या खिडकीपर्यंत चढत जाणारा राउटेड इव्हेंटच लागतो. तिनं तो नव्यानं जाहीर केला, उघडझाप त्याला बांधली आणि सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात बुडवला. चौकट लालभडक होऊन उघडझाप करू लागली.

“बर्फ कुठाय?” सुदर्शननं विचारलं.

“काढला.”

“शेठला आवडतो तो.”

“मग शेठना फ्रीजसमोर बसवा.”

पुढच्या आठवड्यात सुदर्शननं माहितीपत्रक छापलं. लाल चौकटीचा फोटो आणि खाली ‘आमचे संशोधन’. त्या माणसाला लाज म्हणून नव्हती.

इंद्रायणी शेठच्या मागे लागली आणि भिमाजीला परत घ्यायचं कबूल करून घेतलं. एस.टी.नं ती स्वतः त्याच्या घरी निरोप घेऊन गेली. तो भाताच्या खाचरात पालापाचोळा पेटवून राब भाजत होता. त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला, निरोप पुरता ऐकला.

“न्हाई येत, ताई. तुमाला सगळं ठाव व्हतं. मी येडा व्हतो, मला येकदा सांगाया काय झालं व्हतं?”

परतीच्या गाडीत भिमाजीचाच प्रश्न डोक्यात होता, तिला सुदर्शनची आठवणसुद्धा झाली नाही. बापाच्या नाराजीला न जुमानता मे महिन्यात ती पुण्यात नोकरीला लागली. तिथेही तिला मूर्ख भरपूर भेटले. काय चुकतंय ते त्यांना ती आता तोंडावर, पहिल्याच दिवशी सांगते. म्हणून ऑफिसात कुणाला ती फारशी आवडत नाही.