शाळेसमोरचा खोटा स्पीडब्रेकर

या सोमवारी शाळेच्या दारातच माझी पार फजिती झाली. उजवा हात सुजलाय, डाव्या हाताने टाइप करतेय... चुका पोटात घाला.

आमची शाळा खोडाळा गावाच्या अलीकडे, ऐन रस्त्याला लागून. हातपंप मात्र रस्त्याच्या पलीकडे! मधल्या सुट्टीत पोरं पाणी प्यायला धावतात आणि वळणावरून टपापर्यंत भरलेल्या जीपा सुसाट येतात.

गेल्या महिन्यात दुसरीतल्या मंगीला एक जीप घासून गेली. थोडक्यात वाचली. तेव्हापासून पोरगी दिवसभर तहान मारून बसते, पण रस्त्याकडे फिरकत नाही.

स्पीडब्रेकर द्या म्हणून किती जणांच्या हातापाया पडलो! "बघू", "करू", "पावसाळा संपू दे"... ऐकून ऐकून कान किटले.

मी चित्रकलेची बाई. नाशिकच्या सायबर कॅफेत परदेशातल्या रस्त्यांवरची चित्रं पाहिली होती. सपाट डांबरावर असे खड्डे रंगवलेले की माणूस पाय टाकायला घाबरेल! म्हटलं, आपण उंचवटा रंगवू. आणि शाळेसमोर रंगवलाच! पुढे पांढरा, मग करडा, मागे काळी सावली... लांबून बघावं तर अगदी खरा स्पीडब्रेकर.

पहिल्या दिवशी जीपा कचाकच ब्रेक मारत होत्या. मी नुसती हवेत!

पण आमचे ड्रायव्हर काय कच्च्या गुरूचे चेले? आठवड्याभरात सगळ्यांना कळलं. मग बाजाराच्या दिवशी मुद्दाम वेग वाढवायचे. "धरून बसा, आता उडनार!" म्हणत गाडी चित्रावरून सुसाट... आतल्या बाया किंचाळायच्या आणि हे खिदळायचे.

डोक्याला हात लावला मी. पोरांना वाचवायला गेले आणि त्यांचा जीव जास्तच धोक्यात घालून बसले!

सोमवारी मला उशीर झाला होता. चित्र सपाट आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? स्कूटी तशीच दामटली... आणि धाडकन! मी, स्कूटी, डबा, तिघं तीन दिशांना.

मंगीची आजी हातपंपावरून धावत आली. "अवो बाई, काल आमी सगल्यांनी तो खरा केला ना! घरकुलाचा सिमिट उरला होता. वरून तुमचाच रंग मारला, तुमच्यासारखाच."

"अहो आजी, मग मला सांगायचं नाही का?"

"तुमीच सगल्यांना सांगता, हळू चालवा... आमाला वाटला, तुमी तरी हळू याल."

कपाळ माझं!

तेवढ्यात मागून जीप आली. मला रस्त्यात आडवी बघून ड्रायव्हरचं खिदळणं गळ्यातच अडकलं. आजीने मला कडेला ओढलं, तेव्हा पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून त्याने गाडी उंचवट्यावरून नेली. नंतरचेही सगळे तसेच गेले.

मधल्या सुट्टीत मी हाताला हळद लावून शाळेच्या ओसरीत बसले होते, मनातल्या मनात अख्ख्या पाड्याला शिव्या घालत. बघते तर मंगी उठली. आजीचा हात न धरता, चालत, रस्ता ओलांडून हातपंपावर गेली. पोटभर पाणी प्यायली, तोंड धुतलं आणि तशीच परत आली.

मला एकदम रडूच फुटलं हो. खड्ड्यात गेला माझा हात... पोरगी पाणी पिऊन आली.