विसरण्याचं पान

अर्धवट सूचना हेच जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे. तो म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहतात मलकापुरात, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. एका पाहुण्यांना त्यांनी घराचा पत्ता पाठवला, तो पानभर होता आणि त्यात 'फाटक बंद असल्यास थांबावे, उघडल्यावर निघावे' हेही होतं. पाहुणे चपला काढता काढताच म्हणाले, "भाऊ, फाटक बंद असलं का थांबा लागते, हे मले मालूम हाये." साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमाले हाये. ज्याले नसंन, त्याचं काय?" औषधाच्या दुकानात 'जेवणानंतर एक गोळी' एवढ्यावर ते कधीच समाधानी नसत. जेवणानंतर किती वेळानं? आणि जेवणच झालं नाही तर? दुकानदार शेवटी हात जोडायचा, "मंग पहिले जेवा ना भाऊ! गोळी काय पळून चालली?"

हा स्वभाव त्यांच्या पोटापाण्याला मात्र कामी आला. घरी बसून ते पुण्याच्या एका कंपनीसाठी माहितीपुस्तिका लिहितात. एआय एजंट, म्हणजे माणसांची कामं करणारे संगणकातले मदतनीस, काम करताना जे शिकतात ते साठवून ठेवतात. त्या साठ्यात शिरून हवी ती आठवण शोधायची, उघडायची, नको ती पुसायची, यासाठी कंपनीनं एक साधन केलं आहे. ते कसं वापरावं हे साडभाऊ लिहितात आणि वाचतात बहुतेक एजंटच. याचा त्यांना अभिमान होता. "माह्या वाचकाले कंटाळा येत नाही. एक ओळ गाळत नाही. तुमच्या पेपरचा एक तरी वाचक दाखवा असा," मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणून ते मला ऐकवत.

नव्या एजंटांना सरावासाठी पुस्तिकेसोबत आठवणींचा एक नमुना-साठा लागतो. दुसऱ्या कोणी त्यात 'नमुना एक, नमुना दोन' असं लिहून हात झटकले असते. साडभाऊंना खोटं उदाहरण देववेना. त्यांनी बायकोचं बोलणं भरलं. ती उपड्या खापरावर मांडे टाकायची आणि हे शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. खापराखाली जाळ किती ठेवायचा, पुरणात कणी राहिली की मांडा कसा फाटतो, साखरखेर्ड्याची मामी लग्नात कशावरून रुसली, सगळं त्या साठ्यात गेलं. "माह्यं बोलणं पुण्याले काऊन धाडून राह्यले तुमी? त्या मशिनीले काय मांडे करा लागते?" असं ती एकदा कावून म्हणाली. तेही त्यांनी नोंदवलं.

मागच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. साठा तिथंच राहिला. नवा एजंट सरावाला बसला की विचारायचा, मांडा कशानं फाटतो? आणि तिचं उत्तर उघडायचं. कोणी काय उघडलं याची नोंद साडभाऊ सकाळी चहाबरोबर पाहायचे. आम्ही गेलो की सांगायचे, "कालही तिले कोणीतरी इचारलं."

मग कंपनीनं एक नवं पान मागितलं. कोणत्या आठवणी एजंटांनी आपणहून पुसाव्यात, याचं. साडभाऊंनी लिहिलं की ज्या नोंदी प्रत्यक्ष कामात कधीच वापरल्या जात नाहीत, त्या पुसाव्यात. पान त्यांनी मला दाखवलं. मी म्हणालो, "भाऊ, एक ओळ घाला. नमुना-साठा फक्त सरावाचा, तो वगळून."

"काऊन वगळायचा?"

"तुम्हाला माहीत आहे काऊन."

त्यांनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. "नियमात घरचं माणूस घुसवलं का नियम बिघडते," ते म्हणाले. "आन् वाचणारा इमानदार हाये, भाऊ. त्याले फसवता येत नाही."

पान तसंच गेलं. एजंटांनी ते ओळ न गाळता वाचलं आणि पहिल्याच फेरीत साठा पुसला. पुण्याहून एका मुलीचा फोन आला, "सर, तुमच्या पानाप्रमाणेच झालंय. परत भरायचा का?" साडभाऊ म्हणाले, "नाही. पान बरोबर आहे." मजकूर हरवलेला नाही, त्यांच्याकडे पेन ड्राइव्हवर आहे. तो ते उघडत नाहीत. "तिथं तिले इचारते कोण?" एवढंच म्हणतात.

गेल्या रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. पडद्यावर नव्या साठ्यासाठी 'नमुना एक' लिहिलेलं होतं, पुढं काही नव्हतं. माझी बायको चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि कोणी न विचारताच म्हणाली, "लहानपणी एकडाव नांदुऱ्याहून गाडीनं येताना ती कोणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन उतरली होती, सांगितलं होतं का तिनं तुमाले?"

साडभाऊंनी मान वर केली. "नाही, ताई. हे नव्हतं."

"लेकरू रडे म्हणून घेतलं. मलकापूर आलं तशी उतरली. मागून त्याची माय बोंबलत!"

"मंग?"

बायको सांगत गेली. जरा थांबली की ते पुन्हा म्हणायचे, "मंग?" लॅपटॉप समोर उघडा होता. त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही. चहा निवला, पडदा आपोआप काळा झाला, आणि ते तिला विचारत राहिले.