आत्यानं काढलेली कुंची

दादाचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वहिनी आली ती संकेश्वराच्या पलीकडच्या गावातून. घरात कानडी, शाळा मराठी, त्यामुळे तिच्या मराठीत मधूनच कानडी डोकवायची. आल्या आल्याच एकदा ती स्वयंपाकघरातून आईला हाक मारत ओरडली, "आत्ती, दूध उतू गेला!" शेजारच्या काकू तिथंच बसल्या होत्या. त्या पोट धरून हसल्या. तेव्हापासून वहिनी लागेल तेवढंच बोलायला लागली. काम चोख, चालणं झपाझप, पण तोंडातून शब्द काढायचा तर आधी दोनदा तपासून.

त्या वर्षी कॉलेजात गळ्याला भरतकाम केलेल्या ड्रेसची टूम निघाली होती. माझ्याकडं एक साधा आकाशी ड्रेस होता. म्हटलं, त्याच्यावर आपणच काढू, त्यात काय एवढं? महाद्वार रोडवर जाऊन लाकडी रिंग आणली, दोऱ्याच्या लड्या आणल्या, मैत्रिणीकडून मोराचं चित्र आणून कार्बननं गळ्याखाली उतरवलं. अडचण एकच होती. मी डावखुरी. लहानपणी आईनं मला बटण लावायला शिकवायचा प्रयत्न केला होता आणि "तुझा हात बघूनच मला गरगरतंय बघ" म्हणून सोडून दिला होता. सुई हातात धरायची ती तेव्हापासून राहिलीच होती.

सोप्यात बसून, रिंग मांडीवर ठेवून मी मोराची मान भरली. टाके कुठं लांब, कुठं आखूड, पण मान दिसायला लागली होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. तेवढ्यात गॅसवाला दारात आला. मी उठले, तर ड्रेस, रिंग, मोर, सगळं माझ्या गाऊनला लोंबकळत माझ्याबरोबर उठलं. इतका वेळ मी ड्रेस गाऊनसकट शिवत होते.

वहिनी आतून रिकामा सिलिंडर ढकलत आणत होती. तिनं बघितलं. तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. शेवटी ती सिलिंडरवरच बसली आणि खदाखदा हसायला लागली.

"अय्यो वन्सं! गाऊनलाबी मोर पायजे हुता व्हय?"

लग्नानंतर आमच्या घरात ती पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलली. मीही हसले. गॅसवाला काही न समजून आमच्याकडं बघत राहिला.

तो गेल्यावर तिनं मला तशीच खाली बसवलं, बारीक कात्री आणली आणि एकेक टाका सोडवून ड्रेस गाऊनपासून वेगळा केला. दोन्हीकडच्या कापडाला एक ओरखडाही आला नाही. मग ती आत गेली आणि आपल्या ट्रंकेतून एक काळी इरकल साडी घेऊन आली. पदर माझ्या मांडीवर पसरला.

मी तसं काही त्याआधी बघितलंच नव्हतं. देवळाची गोपुरं होती, रथ होता, तुळशीवृंदावन होतं, खाली काठालगत हत्तींची रांग होती. सगळं बारीक बारीक सरळ टाक्यांचं, कुठं वळण दिसलंच तर तेही पायऱ्या-पायऱ्यांनी घेतलेलं. मी विचारलं, "छाप कुठला वापरला?"

"छाप न्हाई. कापडाचं धागं मोजायचं आणि काढायचं."

"कुणी काढलं?"

"मीच की. लग्नात नेसायला."

मी पदर उलटा केला. मागची बाजूही हुबेहूब पुढच्यासारखी. एक गाठ नाही, एक लोंबता दोरा नाही. कुठून सुरू केलं आणि कुठं संपवलं, तेच सापडेना. तिनं मला दाखवलं: जाताना एक घर सोडून एक टाका घालायचा आणि त्याच वाटेनं परत येताना सोडलेली घरं भरायची. दोऱ्याचं टोक टाक्यांच्या पोटात लपवायचं. गाठ मारायचीच नाही. त्यांच्याकडं ह्या कामाला कसुती म्हणतात. एवढं सगळं सांगताना ती एकदाही अडखळली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"वैनी, मी शिकतो की हे," मी म्हटलं. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो. तेवढ्या बाबतीत तिचं न् माझं मराठी सारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं माझा हात बघितला, जरा विचार केला आणि म्हणाली, "शेजारी नको. समोर बसा. आरशात बघितल्यागत." आम्ही समोरासमोर बसलो. तिचा उजवा हात चालला की माझा डावा चालायचा. आईला इतकी वर्षं जे सुचलं नव्हतं ते हिला एका नजरेत सुचलं. माझा हात चुकीचा आहे असं तिनं कधी म्हटलं नाही. आपली जागा तेवढी बदलली.

मोराचा नाद मी सोडला. तिनं मला मॅटीच्या जाड कापडावर सुरुवात करून दिली, कारण त्याचे धागे डोळ्यांना दिसतात. तरी माझं मोजणं चुकायचं. चौकोनाचा चौथा कोपरा पहिल्याला भेटायचाच नाही. वहिनी न बोलता बोटानं चुकीची जागा दाखवायची आणि मी उसवायची. तिची सुई मात्र पाण्यातल्या माशासारखी. गप्पा मारता मारता, कुकरच्या शिट्ट्यांवर कान ठेवून ती काढायची आणि एक धागा इकडचा तिकडं व्हायचा नाही. मी कितीतरी वेळा माझं काम सोडून तिच्याकडंच बघत बसायची.

पुढच्या वर्षी वहिनीला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोहाळेजेवण झालं आणि ती बाळंतपणाला माहेरी गेली. आई म्हणाली, "बारशाला आत्यानं कुंची न्यायला लागती. बाजारातनं एक चांगली बघून आण."

"मी काढतो," मी म्हटलं.

"तू? आधी सरळ टाका घाल, मग कुंच्या काढ."

कुंचीचं कापड मऊ, त्याचे धागे मोजता येत नाहीत. पण वहिनीनं मला त्याची युक्ती सांगितलेली होती. वर मॅटीचा तुकडा टाचायचा, त्याचे धागे मोजून दोन्ही कापडांतून काढायचं आणि शेवटी मॅटीचे धागे एकेक करून ओढून घ्यायचे. मी कुंचीच्या घेराला हत्तींची रांग धरली. समोर आरसा नव्हता. चुकलं तर बोट ठेवणारं कुणी नव्हतं. दोऱ्याचं टोक पोटात लपवायला गेले की टाका सुटून यायचा, म्हणून भीतीपोटी मी गाठी मारत सुटले. नंतर मॅटीचे धागे ओढायला घेतले. काही सरसर निघाले, काही माझ्या टाक्यांत अडकून बसले, ते कापावे लागले. पण शेवटचा धागा निघाला आणि हत्ती त्या मऊ पिवळ्या कापडावर नुसते उभे राहिले, तेव्हा मी आईला हाक मारून स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. एक हत्ती उलट्या दिशेला तोंड करून होता. आई म्हणाली, "असू दे. जरा चुकलाय, खरं हत्ती हाय हे कळतंय."

मुलगी झाली. बारशाला आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. वहिनीच्या माहेरी अंगणभर बायका जमलेल्या, सगळीकडं कानडीचा कलकलाट. मी कुंची वहिनीच्या आईच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, हत्तींवरून बोट फिरवलं आणि पटकन उलटी केली. मग दुसरी बाई वाकली, मग तिसरी. सगळ्या मागची बाजूच बघत होत्या. माझे कान तापले.

"काढलीया चांगली," वहिनीची आई सावकाश म्हणाली, "खरं गंटु लई हायत. गाठी. बाळाला टोचतंय की हे."

गाठ का मारायची नाही ते मला तेव्हा कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, ते नुसतं दिसण्यासाठी असतं.

मी आत जाऊन बाजेवर वहिनीजवळ बसले. बाळ झोपलेलं होतं. "वैनी, राहू दे ही. दुसरी कुठली तरी घालू," मी म्हटलं. तिनं कुंची हातात घेतली. उलट्या हत्तीपाशी आली आणि हसली. "ह्यो कुणाला बघतोय मागं वळून?" मग आपल्या आईला हाक मारून कानडीत काहीतरी मागितलं. त्यांनी धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली एक जुनी साडी आणून दिली. वहिनीनं तिचा तुकडा कापला.

"गाठी उसवून तुम्हीच नीट करा की मग," मी म्हटलं. तिनं मनात आणलं असतं तर संध्याकाळच्या आत सगळी रांग नव्यानं काढली असती.

"मी काढलं तर ते माझं हुईल, वन्सं. आत्याची कुंची पायजे हिला."

एवढं म्हणून तिनं आतून अस्तर लावायला घेतलं. अंगात अजून अशक्तपणा होता, मधूनच ती पाठ टेकायची, पण हात तोच. माझ्या सगळ्या गाठी त्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्याखाली झाकल्या गेल्या. माझा एकही टाका तिनं हलवला नाही, उलटा हत्तीसुद्धा नाही. अस्तराचे तिचे स्वतःचे टाके पुढून शोधूनही दिसत नव्हते. मी इतकी वर्षं तिचं काम बघत आले, पण त्या दिवशी तिनं जे शिवलं त्याला तोड नाही असं मला आजही वाटतं. आणि ते तर कुणाला दिसणारही नव्हतं.

संध्याकाळी मी भाचीच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी माझ्या पाठीत दणादण गुद्दे घातले. सीमेपलीकडच्या बायकांचे गुद्दे कोल्हापूरच्यांपेक्षा जोरकस असतात. पाळण्यात कुंची घातलेलं बाळ ह्या सगळ्या गोंधळात ढिम्म झोपून होतं.

वहिनी बाळाला घेऊन परत आली ती बदलूनच. की आम्हीच बदललो होतो, कोण जाणे. दुपारी गल्लीतल्या पोरी ड्रेस, रुमाल, परकर घेऊन आमच्या सोप्यात यायला लागल्या. वहिनी आपल्या कानडी-मराठीत त्यांना मोठ्यानं दटावायची आणि पोरी मुकाट्यानं उसवायच्या. शेजारच्या काकूंची धाकटी लेकही त्यात होती. माझं लग्न होऊन मी इचलकरंजीला गेले. तिथं आमच्या घराच्या चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. मी दरवर्षी एखाद्या कुडत्याच्या गळ्याला नाहीतर बाहीला काहीतरी काढते. हात अजून नवशिक्याचाच आहे. गाठ मात्र मारत नाही.

काही वर्षांनी वहिनीनं आईसाठी जांभळ्या इरकलवर पदरभर कसुती काढली. घरचं सगळं करून, मुलीची शाळा सांभाळून. आई ती नेसून एका लग्नाला गेली. सुनांचं कौतुक तोंडावर करायची पद्धत आमच्या आईच्या पिढीत नव्हती, आणि आई तर त्यातही कडक. पण त्या दिवशी कार्यालयात ती जेवायची सोडून पदर हातावर पसरून उभी होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या बाईला थांबवून म्हणत होती, "बघा की. हात लावून बघा. आमच्या सुनंनं काढलंय."

वहिनी पंगतीत बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती मान खाली घालून मसालेभात खात राहिली, आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की शेजारच्या बाईनं विचारलं, "भात एवढा चांगला झालाय व्हय?"