कपाळावरचा चौकोन

साबेरा होडेकरच्या युनिफॉर्मच्या खिशात कायम दोन वस्तू असतात: पेनाएवढी टॉर्च आणि कापूस. वय चौतीस, माहेर-सासर दोन्ही मिरकरवाड्यात, बाप मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, होता. रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळात ती तेरा वर्षं नर्स आहे. टॉर्च पहिल्या दिवसापासूनची. कापूस आला तो १९८६च्या जानेवारीत, केरू पाष्टेमुळे.

केरू पंचावन्न वर्षांचा शेतकरी, गाव संगमेश्वरच्या आतल्या बाजूला. सोमवारी सकाळी साडेअकराला तो एसटी स्टँडवर उभ्या उभ्या कोसळला. रिक्षातून आणला तेव्हा नाडी नव्हती. डॉ. आठल्ये छाती दाबत होते, साबेरा फुग्याने श्वास देत होती. नवव्या मिनिटाला हृदय चालू झालं. शुद्ध मात्र आली नाही. साबेराने डोळ्यांवर टॉर्च मारली आणि कागदावर लिहिलं: ‘दोन्ही बाहुल्या मोठ्या. उजेडाला हालचाल नाही.’ मग दर चार तासांनी तेच.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी तो कागद वाचला. हृदय पुन्हा चालू झालेला बेशुद्ध रोगी उठेल की नाही, हे कशावरून सांगता येतं, याबद्दल एक लेख त्यांनी नुकताच परदेशी मासिकात वाचला होता. बाहुली उजेडाला आकसत नसेल तर आशा जवळजवळ नाही. तसं त्यांनी केरूची बायको येसूबाई आणि भाऊ महिपत यांना सांगितलं.

“मग घरा नेतो त्याला,” महिपत म्हणाला. “प्राण जायचा तो आपल्या ओटीवर जाऊ दे.”

बारा वाजता जीप ठरली. ऑक्सिजन आणि सलाइन काढून, गावच्या खडबडीत रस्त्याने, तीन तास. केरू ओटीपर्यंत पोचणार नाही हे साबेराला कळत होतं. डॉक्टरांनी अडवलं नाही.

“शिस्टर,” येसूबाई म्हणाली, “ह्यांचा तोंड तेवढा पुसून दे. असा मळका नाय न्यायचा.”

साबेरा ओल्या फडक्याने चेहरा पुसू लागली. डाव्या भुवईच्या वर फडकं अडकलं. बोट फिरवलं तर चिकट. नीट चौकोनी डाग, कडेला धूळ बसलेली.

“हे काय लागलंय?”

“पट्टी होती. कॅम्पात लावल्यानी. काल घाम पुसताना मीच उपटली.”

“कसला कॅम्प?”

“डोळ्यांचा! शाळेत भरलाय नाय काय? आज डावा डोळा कापायचा होता, म्हणून पट्टी डाव्या बाजूला. नायतर भलताच कापायचे! औषध दोन्ही डोळ्यांत घातल्यानी. हे बाहेर आले नि म्हणाले, येसू, सगळा धुरकट. माझा हात धरून स्टँडपर्यंत आले.”

“अगं, हे काल का नाही सांगितलंस?”

“इचारलात कोणी? तुमी छातीचा इचारलात, मी छातीचा सांगितला.”

साबेरा पळाली. इतक्या वर्षांत तिला त्या व्हरांड्यात पळताना कोणी पाहिलं नव्हतं. ओपीडीचं दार तिने न वाजवता उघडलं.

“डॉक्टर, त्या बाहुल्या त्याच्या नाहीत, थेंबांच्या आहेत! तो डोळ्यांच्या कॅम्पातून आला होता.”

डॉ. आठल्ये उभे राहिले. “ॲट्रोपिन घातलं असेल तर आठवडाभर टॉर्च मारली तरी हलायच्या नाहीत. मग सकाळी मी काय वाचलं?”

“मी लिहिलं ते.”

फाटकाशी जीपचा हॉर्न वाजत होता. केरूच्या खाटेशी येऊन डॉक्टरांनी कापसाची बारीक वात केली. थेंबांनी बाहुली मोठी होऊन अडते, पापणीची उघडझाप अडत नाही. वातीचं टोक उजव्या बुबुळाला लागलं आणि पापणी थरथरली. डावी तर चक्क मिटली.

“परत,” डॉक्टर म्हणाले. साबेराने वात घेतली. पापणी परत मिटली. दुखणं कळतं का ते पाहायला केरूच्या नखावर पेन दाबलं तर कोपर किंचित वाकलं.

महिपत दारात उभा होता. “म्हंजे बरा होणार?”

“ते मला आज माहीत नाही. पण सकाळी मी सांगितलं ते चुकीचं होतं. गुरुवारपर्यंत थांबा, तिसऱ्या दिवशी जास्त सांगता येतं.”

“जीपवाला बोंबलतोय.”

“बोंबलू दे,” येसूबाई म्हणाली. “मी हितनं हलत नाय.”

जीप रिकामी गेली.

गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी साबेरा केरूच्या कानाशी वाकली. “केरूभाऊ, माझी बोटं दाबा.” त्याने दाबली. “सोडा.” त्याने सोडली. तिने वेळ लिहिली.

शुक्रवारी केरूने डोळे उघडून कपाळ चाचपलं. “डोळा कापल्यानी काय गो?”

“नाय. तुमचा काळीज बंद पडला होता,” येसूबाई म्हणाली.

“आणि डोळ्याचा काय?”

डोळ्याचं पुढच्या वर्षीच्या कॅम्पात झालं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोघं नवरा-बायको मुद्दाम साबेराला भेटायला इस्पितळात आली. केरूच्या डाव्या भुवईवर नवी पट्टी होती, कडेने सुटायला आलेली. साबेराने ती अंगठ्याने दाबून बसवली.

“ह्या खेपेला मी हात नाय लावलाय हां,” येसूबाई म्हणाली.